चाळिशीतले विद्यार्थी

आमच्या लहानपणी चाळिशी ओलांडलेला माणूस वही-पुस्तक घेऊन बसलेला दिसला, तर त्याची कारणे ठरलेली असत. एक तर तो शाळामास्तर असे आणि बाहेरून एम.ए.ला बसलेला असे, कारण त्यावर त्याची वेतनश्रेणी अवलंबून असे. नाही तर तो कचेरीतला हेडक्लार्क असे आणि संध्याकाळच्या लॉ कॉलेजात जाऊन एलएल.बी. होण्याच्या खटपटीत असे. आम्हा बँकवाल्यांचे तिसरे एक कारण होते. १९२८ साली स्थापन झालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्सची सीएआयआयबी नावाची परीक्षा. ती पास झाले की पगारात वाढ पडे. त्यामुळे रात्री मुलांची दप्तरे आवरून झाली की त्याच टेबलावर बापाची पुस्तके उघडत. प्रश्न ठराविक, उत्तरे ठराविक. कुणी त्याला शिक्षण म्हणत नसे. ‘परीक्षा देतोय’ एवढेच म्हणत.

आता चित्र बदलले आहे. रविवारचे वर्तमानपत्र उघडावे तर एखादी पानभर जाहिरात समोर येते. कानशिलावर थोडे पिकलेले एक सुटातले गृहस्थ आणि त्यांच्या शेजारी हातांची घडी घालून उभी असलेली एक बाई. दोघेही कुठेतरी दूर, बहुधा स्वतःच्या भवितव्याकडे, पाहत असतात. दहा-पंधरा वर्षे नोकरी केलेल्यांसाठी नेतृत्वाचा अभ्यासक्रम, असे खाली लिहिलेले असते. ‘एक्झिक्युटिव्ह एमबीए’ हा शब्द आता डोंबिवली लोकलमध्ये ऐकू येतो आणि नाशिकच्या लग्नातल्या पंगतीतही. या साऱ्याची चेष्टा करणे सोपे आहे, आणि ‘नेतृत्व’ या शब्दाचा जो सुळसुळाट झाला आहे तो पाहता ती करावीशीही वाटते. पण ज्या घरातून वीस-तीस लाख रुपये आणि दोन वर्षांचे रविवार जाणार आहेत, त्या घराला चेष्टेचा काय उपयोग? तिथला प्रश्न साधा असतो. या वयात पुन्हा वर्गात बसून नेमके मिळते काय?

ही कल्पना मुळात युद्धकाळातली. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाची व्यवस्थापनशाळा १९०८ पासून एमबीए देत होती, पण ती तरुणांसाठी. नोकरीत मुरलेल्या माणसाला नोकरी न सोडता तीच पदवी देण्याचा पहिला वर्ग शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, सुरू केला. त्याच सुमारास हार्वर्डने युद्धसामग्रीच्या उत्पादनासाठी अनुभवी माणसे तयार करण्याचा एक अभ्यासक्रम चालवला आणि त्यातूनच १९४५ मध्ये वरिष्ठांसाठीचा त्यांचा कार्यक्रम उभा राहिला. इंग्रजांनी युद्ध संपताच थेम्स नदीकाठी हेन्ले येथे अशीच एक संस्था काढली. तिथली पद्धत मजेशीर होती. दहा-बारा जणांचा एक गट करायचा, त्यात सरकारी अधिकारी, कारखानदार, बँकवाला असे सगळे मिसळायचे आणि दर विषयाला अध्यक्ष बदलायचा. म्हणजे काल ज्याने बैठक चालवली, त्याला आज दुसऱ्याच्या अध्यक्षतेखाली मुकाट्याने टिपणे काढावी लागत. हेन्लेच्या धर्तीवर आपल्याकडे १९५६ मध्ये हैदराबादला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज निघाले, तेही बेला व्हिस्टा नावाच्या एका राजवाड्यात. मागाहून १९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबाद येथे आयआयएम स्थापन झाल्या. अहमदाबादला हार्वर्डचा हात होता, कोलकात्याला एमआयटीचा.

अहमदाबादने साठच्या दशकातच नोकरदारांसाठी तीन पायऱ्यांचा एक कार्यक्रम आखला होता. तो मला आजही शहाणपणाचा वाटतो. कंपनीतल्या मधल्या, वरच्या आणि अगदी वरच्या थरातल्या माणसांना क्रमाने शिकवायचे, कारण एकटा मधला शिकून परत आला तर त्याचा साहेब त्याला पहिल्याच सोमवारी म्हणतो, ‘ते सगळं ठीक आहे हो, पण आपल्याकडे असं चालत नाही.’ ज्यांनी कधी कचेरीत दिवस काढले आहेत त्यांना हे वाक्य ओळखीचे वाटेल.

मुंबईची तऱ्हा अर्थातच मुंबईसारखी. चर्चगेटजवळ मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या साहाय्याने सुरू झाली, आणि तिथल्या तीन वर्षांच्या संध्याकाळच्या वर्गांनी फोर्ट नि नरिमन पॉइंटमधल्या कचेऱ्यांतल्या किती माणसांना पुन्हा बाकावर बसवले असेल! सहाच्या सुमारास कचेरी सुटायची, रस्त्यावरच एक वडापाव खायचा, वर्गात जांभई दाबायची आणि रात्रीची विरार गाडी पकडायची. त्यात राजवाडा नव्हता, सूट नव्हता आणि नेतृत्व हा शब्द तर मुळीच नव्हता. आजच्या नव्या लाटेचे खरे पूर्वज मला हेच लोक वाटतात.

वर्गात चालते काय, हे घरच्यांना सहसा कळत नाही. घरातला माणूस शनिवारी सकाळी बॅग घेऊन जातो किंवा खोलीचे दार लावून पडद्यासमोर बसतो, एवढेच दिसते. तेव्हा दोन गोष्टी सांगतो.

पहिली ‘केस’. हार्वर्डने ही पद्धत कायद्याच्या शिक्षणातून उचलली. एखाद्या खऱ्या कंपनीवर आलेला खरा प्रसंग दहा-वीस पानांत लिहिलेला असतो. आकडे असतात, माणसे असतात, आणि निर्णय घेण्याच्या क्षणाला मजकूर थांबतो. पुढे काय करावे ते वर्गाने सांगायचे. प्राध्यापक उत्तर देत नाही, तो फक्त विचारतो. अशा केसमध्ये आपले डबेवालेही आहेत. मावळ, खेड, जुन्नरकडची ही मंडळी लोकलच्या वेळापत्रकावर मुंबईभर डबे कसे पोहोचवतात यावर हार्वर्डने २०१० मध्ये केस काढली. म्हणजे ज्या साहेबाने वीस वर्षे दुपारी एक वाजता डबा उघडला आणि तो आला कसा याचा कधी विचार केला नाही, तो आता फी भरून त्याच डब्याचा अभ्यास करतो. असो.

दुसरी गोष्ट एका खेळाची. त्याचे नाव ‘बिअर गेम’, पण घाबरू नका, त्यात पिण्याचा भाग काही नाही. एमआयटीमध्ये १९६० च्या सुमारास तो तयार झाला. चार जण बसतात. एक किरकोळ दुकानदार, एक घाऊक व्यापारी, एक वितरक आणि एक कारखाना. एकमेकांशी बोलायचे नाही. आपल्या मागच्याकडे चिठ्ठीवर मागणी पाठवायची आणि माल दोन आठवडे उशिरा येणार. गिऱ्हाईकाची मागणी चार पेट्यांवरून एकदाच आठ पेट्यांवर जाते आणि पुढे शेवटपर्यंत आठच राहते. बस, एवढाच बदल. पण थोड्याच वेळात दुकानदार घाबरून जास्त मागवतो, व्यापारी त्याहून जास्त, आणि कारखान्यापर्यंत पोहोचताना त्या चार पेट्यांचा डोंगर झालेला असतो. मग माल येऊन तुंबतो. खेळ संपल्यावर प्रत्येकाला विचारतात, चूक कुणाची? प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो आणि गिऱ्हाईक फार लहरी होते म्हणून शपथेवर सांगतो. मग गिऱ्हाईकाचे पत्ते उलटून दाखवतात. चार, चार, चार, चार, आणि नंतर सगळे आठ.

पंधरा-पंधरा वर्षे खरेदी खाते सांभाळलेली माणसे त्या क्षणी गप्प होतात. त्या गप्प होण्याला मी फार किंमत देतो, आणि ती का, हे सांगण्यासाठी मला थोडे माझ्या नोकरीकडे वळावे लागेल.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी आमच्या बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात तीन वर्षे शिकवायला होतो. काळ मोठा अडचणीचा होता. १९९१ मध्ये नरसिंहम समितीचा अहवाल आला होता, १९९२-९३ पासून थकीत कर्जे कशाला म्हणायचे याचे नवे नियम लागू झाले होते, आणि वर्षानुवर्षे ज्या खात्यांवर व्याज लावून नफा दाखवला जात होता ती खाती एका रात्रीत आजारी ठरली होती. आमच्यापुढे बसत ते जिल्ह्याजिल्ह्यांतले शाखाधिकारी. वय पंचेचाळीस ते पंचावन्न. गावात मोठा मान. तहसीलदारानंतर खुर्ची यांचीच. पहिल्या दिवशी सगळे मागच्या रांगांत बसत आणि पुढची रांग रिकामी राही. कुणी प्रश्न विचारत नसे. चहाच्या वेळी मात्र एकेकटे येऊन हळूच विचारत, ‘सर, ते मघाचं जरा पुन्हा सांगता का?’

एका तुकडीत मराठवाड्यातले एक शाखाधिकारी होते. निवृत्तीला चार वर्षे उरलेली. तिसऱ्या दिवशी एका सूतगिरणीचा ताळेबंद चर्चेला होता. सगळे आपापली मते ठोकून देत होते. हे गृहस्थ उठले आणि म्हणाले, ‘साहेब, मी तीस वर्षं कर्जं दिली. माणूस बघून दिली, आणि बरीचशी वसूलही केली. पण हा कागद मला खरं सांगायचं तर वाचता येत नाही. खाली प्रादेशिक कार्यालयानं सही केलेली असते, तिच्या शेजारी मी करतो.’

वर्ग हसला नाही. थोड्या वेळाने दुसरा उठला आणि म्हणाला, मलाही निम्माच कळतो. मग तिसरा. त्या दिवशी जेवणाची घंटा झाली तरी कुणी उठेना. मी शिकवण्याच्या त्या तीन वर्षांत पुष्कळ तक्ते भिंतीवर लावले, पण शिक्षण घडताना मी पाहिले ते त्या दुपारी. हुद्दा वाढत जातो तसतशी माणसाची ‘मला कळत नाही’ म्हणण्याची सोय कमी होत जाते. हाताखालचे लोक उत्तराची अपेक्षा करतात, वरचे लोक आत्मविश्वासाची. घरी तर बापाला सगळे येतच असते. अनुभवी माणसांच्या वर्गाची सगळ्यांत मोठी देणगी माझ्या मते हीच, की तिथे त्याच्यासारखेच चाळीस जण असतात, त्यांतला एकही त्याचा साहेब नसतो आणि एकही हाताखालचा नसतो.

धाकट्या बहिणीचा मध्यंतरी फोन आला. तिची मुलगी कोथरूडला राहते आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. वय बेचाळीस. ‘दादा, तू बँकेत होतास, तू तिला समजाव. अठरा लाख घालून दोन वर्षं शनिवार-रविवार शिकायला जाणार म्हणते. पोराची दहावी आहे. सासूबाईंचा मोतीबिंदू काढायचाय. या वयात काय करायचीय पदवी?’

भाचीला मी घरी बोलावले. ती म्हणाली, ‘मामा, कंपनीत सांगितलंय बढतीसाठी म्हणून. तुला म्हणून सांगते, मला मॅनेजर होऊन चौदा वर्षं झाली. मीटिंगमध्ये मी शेवटचा प्रश्न कधी विचारला ते मला आठवत नाही. प्रश्न विचारला की लगेच कळतं ना, हिला येत नाही म्हणून. त्यात बाई. माझ्या मजल्यावर माझ्या हुद्द्याच्या आम्ही दोघीच.’

मराठवाड्यातले ते शाखाधिकारी आणि ही इंग्रजीत स्वप्ने पाहणारी मुलगी यांच्यात तीस वर्षांचे अंतर. तक्रार अक्षरशः एकच. मी तिला समजावले नाही. तिच्याकडून सगळे आकडे मात्र मागून घेतले.

ते आकडे वाचकांच्याही कामाचे आहेत. पूर्ण वेळ, एक वर्ष वसतिगृहात राहून करायचा मोठ्या आयआयएममधला अभ्यासक्रम तीस लाखांच्या आसपास किंवा पुढे जातो. अहमदाबादने तो २००६ मध्ये सुरू केला, पाठोपाठ इतरांनी. त्यात वर्षाचा पगार बुडतो, तो निराळा. जाहिरातीत तो खर्च कधीच धरलेला नसतो. नोकरी सांभाळून करायचे वर्ग त्या मानाने स्वस्त. वीस लाखांचे कर्ज काढले, व्याज दहा टक्के आणि मुदत सात वर्षे धरली, तर महिन्याचा हप्ता ३३ हजारांच्या वर बसतो आणि शेवटी २८ लाखांच्या जवळपास परत करावे लागतात. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते हे खरे, पण ती जुनी करपद्धती निवडणाऱ्याला. कंपनी फी देत असेल तर उत्तम. मात्र ती सहसा काही वर्षे नोकरी न सोडण्याचा करार लिहून घेते, तो करार घरातल्या दुसऱ्या माणसानेही वाचावा. आणि बँकेत आयुष्य घालवलेला माणूस म्हणून एक सांगतो: मुलाच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवीवर कर्ज काढून आपली फी भरू नये. फी दोन वर्षांनी भरली तरी चालते, मुलाची बारावी थांबत नाही.

हातात येणारा कागद कोणता, हाही प्रश्न आहेच. आयआयएम कित्येक वर्षे पदवी देतच नव्हत्या. त्यांचा पदविका अभ्यासक्रम लोक कौतुकाने एमबीए म्हणत. २०१७ चा आयआयएम कायदा जानेवारी २०१८ मध्ये लागू झाला तेव्हा त्यांना पदवीचा अधिकार मिळाला. म्हणजे आजही त्याच संस्थेच्या नावाने पदवी असते, पदविका असते आणि काही महिन्यांचे प्रमाणपत्रही असते, आणि फोनवरची गोड आवाजाची मुलगी तिघांनाही ‘प्रोग्रॅम’ म्हणते. मधल्या दलाल कंपन्यांनी तर इतका गोंधळ माजवला, की २०२२ च्या जानेवारीत विद्यापीठ अनुदान आयोग आणि एआयसीटीई या दोघांनाही लोकांना सावध करावे लागले. प्रमाणपत्र वाईट नसते. पण अठरा लाखांचे असू नये.

तर भाची गेली. दोन वर्षे. सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन तिच्या परीक्षेच्या दिवशीच आले, जावईबापू रजा टाकून गेले. तिच्या सासूने मला एकदा सांगितले, ‘अहो, ती घरात असते पण नसते.’ दर रविवारी दुपारी त्या घरात जे पाहुणे येत ते हळूहळू यायचे बंद झाले, आणि ते काही पुन्हा सुरू झाले नाहीत. हा खर्च कर्जाच्या अर्जात लिहायला रकाना नसतो.

तिच्या गटात पाच जण होते. एक रेल्वेतला सिग्नलचा अभियंता, एक नौदलातून निवृत्तीला आलेला अधिकारी, एका रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई आणि इचलकरंजीचा एक यंत्रमागवाला. हा शेवटचा गृहस्थ गटाला सुरुवातीला ओझे वाटला. त्याला पडद्यावर दाखवायचे तक्ते करता येत नसत, इंग्रजी अडखळत. मग खेळत्या भांडवलाचा विषय निघाला. बाकीचे सूत्रे मांडत बसले. याने केसमधला कागद वर-खाली पाहिला आणि विचारले, ‘याची उधारी किती दिवसांची? एकशे वीस? मग हा नफ्यात नाहीच. हा दिवाळीपर्यंत बुडणार.’ केसमधली कंपनी खरोखरच बुडाली होती. त्यानंतर त्याचे तक्ते भाचीने केले आणि तिचे हिशेब त्याने तपासले. नौदलातला अधिकारी तर मला फार आवडला. सैन्यदलांतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आयआयएममध्ये सहा-सहा महिन्यांचे वेगळे वर्गही असतात. याने मात्र हा लांबचा रस्ता धरला होता. समुद्रावर शंभर माणसांची जबाबदारी घेतलेला हा माणूस नेतृत्वाच्या तासाला शेवटच्या बाकावर असे आणि हिशेबाच्या तासाला पहिल्या.

आता त्या नेतृत्वाविषयी. ते शिकवता येते का? आमच्या बँकेने २००० साली मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांसाठी नेतृत्वाचे एक दहा दिवसांचे शिबिर घेतले होते. बाहेरून तज्ज्ञ आले, डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांना चालवण्याचे खेळ झाले, संस्थेचे भवितव्य तुमच्या हाती आहे असे सांगून समारोप झाला, गटाचा फोटो निघाला. काही महिन्यांत स्वेच्छानिवृत्तीचे परिपत्रक आले. चाळीस वर्षे वय किंवा पंधरा वर्षे नोकरी झालेल्या कुणालाही जाता येणार होते. देशभरातल्या सरकारी बँकांतून त्या लाटेत लाखभर माणसे बाहेर पडली. त्या फोटोतले निम्मे लोक गेले. त्यांत मीही होतो आणि माझी पहिली कादंबरी त्या पैशांवर लिहून झाली, त्यामुळे माझी वैयक्तिक तक्रार नाही. पण ज्या हातांत भवितव्य ठेवले तेच हात सहा महिन्यांत नकोसे कसे झाले, हे त्या तज्ज्ञांना विचारायचे राहून गेले.

बँकिंगमधल्या नेतृत्वाचा विषय निघाला की माझ्या पिढीला राजकुमार तलवार आठवतात. इम्पीरियल बँकेतून वर चढलेले, १९६९ पासून स्टेट बँकेचे अध्यक्ष. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अहमदाबादच्या प्राध्यापकांना हाताशी धरून एवढ्या अवाढव्य बँकेची रचनाच बदलली, म्हणजे व्यवस्थापनशास्त्राचे त्यांना वावडे नव्हते. पुढे आणीबाणीत एका सिमेंट कंपनीच्या कर्जाची घडी नव्याने बसवायची होती. कंपनी बुडवणाऱ्या व्यवस्थापनाने बाजूला व्हावे, ही बँकेची अट होती. ती सोडा, असा दबाव थेट संजय गांधींच्या बाजूने आला. तलवारांनी अट सोडली नाही. त्यांना काढणे कायद्याने सोपे नव्हते, म्हणून १९७६ मध्ये स्टेट बँकेचा कायदाच दुरुस्त करण्यात आला आणि तलवारांना जावे लागले. ही केस कुठल्याही वर्गात उत्तम शिकवता येईल. निर्णयाच्या क्षणाला मजकूर थांबेल, चाळीस जण हात वर करतील आणि बहुतेक सगळे म्हणतील, अट सोडू नये. त्यांचा त्या महिन्याचा हप्ता मात्र कुणी विचारात घेणार नाही.

कॅनडातले प्राध्यापक हेन्री मिंट्झबर्ग यांनी या धंद्यावर आतूनच टीका केली आहे. २००४ मध्ये त्यांचे ‘मॅनेजर्स, नॉट एमबीएज’ हे पुस्तक आले. त्यांचे म्हणणे असे की व्यवस्थापन हे शास्त्र नव्हे, कसब आहे. ज्याने कधी चार माणसे सांभाळली नाहीत त्याला ते वर्गात शिकवणे फोल आहे. शिकवायचे तर काम करणाऱ्यालाच शिकवा, आणि त्याच्या कामातूनच शिकवा. नुसते बोलून ते थांबले नाहीत. १९९६ मध्ये त्यांनी पाच देशांतल्या संस्थांना घेऊन असा एक अभ्यासक्रम उभा केला, त्यात आपली बंगळुरूची आयआयएमही होती. त्यातला एक भाग मला अतिशय आवडतो. दोन विद्यार्थ्यांची जोडी लावायची आणि एकाने दुसऱ्याच्या कचेरीत काही दिवस जाऊन नुसते बसायचे. तो फोन कसा घेतो, चहावाल्याशी कसा बोलतो, कुणाला दाराबाहेर थांबवतो, हे पाहायचे, आणि निघताना त्याला सांगायचे. मग त्याने आपल्याकडे यायचे. ज्याला कुणाला अभ्यासक्रम निवडायचा आहे त्याने पुस्तिकेतले परदेश दौऱ्याचे फोटो पाहण्याऐवजी असे काही आहे का, ते आधी पाहावे.

भाचीला बढती मिळाली नाही. ती जागा बाहेरून आलेल्या माणसाला गेली. तिची आई अजून विचारते, मग उपयोग काय झाला? भाची तिला उत्तर देत नाही. मला एवढेच म्हणाली, की सोमवारच्या बैठकीत ती आता आधी स्वतःला न समजलेली गोष्ट सांगते, आणि गेल्या वर्षी त्यामुळे एक मोठे काम अंगावर घेण्यापासून कंपनी वाचली. तिच्या हाताखालच्या सगळ्यांत नव्या मुलाला त्यातली अडचण माहीत होती, त्याला कुणी विचारलेच नव्हते. हप्ते आणखी चार वर्षे आहेत.

तिला मी विचारले, तुमच्या नेतृत्वाच्या अभ्यासात रवी मत्थाई होते का? ‘नाही रे मामा, स्टीव्ह जॉब्ज होते.’ मत्थाई हे स्टेट बँकेचे पहिले अध्यक्ष जॉन मत्थाई यांचे चिरंजीव. १९६५ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते अहमदाबादच्या आयआयएमचे पहिले पूर्णवेळ संचालक झाले. संस्था नावारूपाला आणली आणि १९७२ मध्ये, कुणीही जा म्हणत नसताना, पद सोडले. सोडून गेले नाहीत. त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून, नव्या संचालकाच्या हाताखाली राहिले. पुढे १९७५ पासून त्यांनी राजस्थानात अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा नावाच्या दुष्काळी भागात काम सुरू केले. तिथल्या विणकरांना आणि चर्मकारांना स्वतःच्या पायांवर उभे राहता येईल का, बाहेरच्या मदतनिसाची गरज संपेल का, हा त्यांचा प्रयोग होता. १९८४ मध्ये ते गेले.

मी भाचीला ही सगळी हकीकत लिहून पाठवली. तिने ती आपल्या जुन्या गटाला पाठवली. नौदलवाल्याने अंगठा दाखवला, डॉक्टरीणबाईंनी हात जोडले. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याचा मात्र त्याच रात्री फोन आला. त्याला विचारायचे होते की ते जवाजाचे विणकर माल विकत कुठे होते, आणि वाराला मिळत किती होते?